आल्बुकेर्कच्या तसबिरीत नसलेली माणसे

(आनंदनगर, अंबरनाथ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जनरल पाळी संपवून, हातपाय धुऊन, घरी न जाता तुम्ही येथे आला आहात. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या एका पोर्तुगीज सेनानीवर व्याख्यान ऐकण्याची ही वेळ नव्हे, असे तुमच्यापैकी कोणाला वाटत असल्यास मी त्याला दोष देणार नाही. परंतु विषय दूरचा नाही. आपल्या अंगणातून वाहणारी उल्हास नदी वसईच्या खाडीला जाऊन मिळते, आणि त्या वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे पोर्तुगीजांचे निशाण फडकत होते. त्या सत्तेचा पाया ज्याने घातला तो आफोंसो द आल्बुकेर्क. मेक्सिकोला जसा कोर्तेस, तसा गोव्याला आल्बुकेर्क.

२०२३ साली गोव्यात पोर्तुगीजांच्या खुणा पुसून टाकण्याची भाषा अधिकारपदावरून झाली. तेव्हापासून आपल्या तरुण कार्यकर्त्यांत दोन मते पडलेली मला दिसतात. एक म्हणते, साम्राज्यवाद्यांच्या खुणा पुसायच्या तर त्यात वाईट काय? लोहियांनी इंग्रजांचे पुतळे हलविण्याची मागणी केलीच होती. दुसरे म्हणते, यात धर्मद्वेषाचा वास येतो, आपण दूर राहावे. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण दोन्हीकडील मित्रांना आल्बुकेर्कने नेमके काय केले याची माहिती बेताचीच असते, म्हणून आधी ते सांगतो.

हा मनुष्य हिंदुस्थानात प्रथम १५०३ मध्ये आला व कोचीनला किल्ला बांधून परत गेला. १५०६ मध्ये पुन्हा निघाला. १५०७ मध्ये ओमानच्या किनाऱ्यावरील मस्कत व इतर बंदरे त्याने लुटली, जाळली, आणि हाती सापडलेल्यांची नाककाने कापली. होर्मुझ घेण्याचा त्याचा पहिला प्रयत्न मात्र त्याच्याच कप्तानांनी साथ सोडल्यामुळे फसला. १५०९ अखेर तो गव्हर्नर झाला. १५१० च्या जानेवारीत कालिकतवरचा हल्ला अंगाशी आला आणि तो स्वतः जखमी झाला. असा हा हरलेला, जखमी सेनानी फेब्रुवारीत गोव्याकडे वळला. गोव्याकडे जाण्याचा सल्ला त्याला कोणी दिला? होनावरकडच्या तिमोजाने. हा तिमोजा विजयनगरच्या आश्रयाने समुद्रावर लूटमार करणारा एक हिंदू नायक होता.

येथे अर्थकारण ध्यानात घ्या. गोवा हे घोड्यांचे बंदर होते. अरबस्तान व इराणमधून आलेले घोडे येथे उतरत आणि विजयनगर व विजापूर या दोन्ही दरबारांच्या घोडदळाला पुरविले जात. ज्याच्या हाती हे बंदर, त्याच्या हाती दख्खनच्या लढायांची नाडी. आल्बुकेर्कला धर्म हवा होता की घोड्यांवरची जकात, असा वाद काही विद्वान घालतात. मला तो निरर्थक वाटतो. दोन्ही गोष्टी एकाच जहाजातून आल्या होत्या, आणि जहाजाचा खर्च जकातीतून निघायचा होता.

पहिल्या वेळी गोवा जवळजवळ न लढता मिळाला. आदिलशाही अंमलाच्या करांना कंटाळलेल्या लोकांना त्याने सवलतीचे आश्वासन दिले होते. मे महिन्यात विजापूरच्या फौजेने शहर परत घेतले. पावसाळा सुरू झाल्याने पोर्तुगीज गलबतांना समुद्रात जाता येईना, आणि ऑगस्टपर्यंत ती मांडवीच्या मुखाशी उपासमारीत अडकून पडली. पुढे २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, त्याने पुन्हा हल्ला करून शहर जिंकले. त्यानंतर चार दिवस कत्तल चालू होती. २२ डिसेंबरच्या पत्रात तो आपल्या राजाला अभिमानाने कळवितो की, मुसलमान स्त्रीपुरुष धरून सुमारे सहा हजार माणसे मारली, काहींना मशिदीत कोंडून ती पेटवून दिली. हिंदू शेतकरी व ब्राह्मण यांना मात्र वगळले.

शेवटल्या वाक्याचे गोड विष ओळखा. एवढ्या आधारावर पोर्तुगीज साम्राज्याचे चाहते त्याला हिंदूंचा मित्र म्हणत आले. त्याने सती बंद केली, गावकरी संस्थांना हात लावला नाही, हे सारे खरे आहे. परंतु गावकरी मोडली असती तर सारा कोणाकडून वसूल केला असता? शेतकरी वाचला तो करदाता म्हणून. १५४० नंतर सत्तेला मित्राची गरज उरली नाही, तेव्हा त्याच तिसवाडीतील देवळे पाडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. आल्बुकेर्क तोपर्यंत मरून पंचेचाळीस वर्षे झाली होती, तरी आपल्याकडे पुष्कळजण ते त्याच्याच माथी मारतात. खरे गुन्हे इतके असता खोट्याची भर कशाला?

त्याच्या पुढील मोहिमा थोडक्यात सांगतो. १५११ मध्ये मलाक्का घेतले. तेथील लूट घेऊन निघालेले त्याचे जहाज सुमात्राजवळ बुडाले. १५१३ मध्ये एडनच्या तटावर शिड्या लावल्या, त्या मोडल्या आणि परतावे लागले. १५१५ मध्ये होर्मुझ ताब्यात आले. त्याच वर्षी १६ डिसेंबरला गोव्याच्या बंदरात, जहाजावरच तो मेला. आपल्या जागी वैऱ्यांपैकीच एकाची, लोपो सुआरिशची नेमणूक झाल्याची बातमी मरण्यापूर्वी त्याच्या कानी पडली होती.

आता कलावंतांकडे वळतो, कारण पुढचा घोटाळा त्यांनी केला आहे.

पहिली मूर्ती शब्दांची होती, आणि ती मुलाने घडविली. त्याच्या अनौरस पुत्राने १५५७ मध्ये बापाचे चरित्र प्रसिद्ध केले. मृत्यूनंतर गोव्यातील हिंदू-मुसलमान त्याच्या थडग्यापाशी येऊन न्याय मागत, फुले वाहत, दिव्याला तेल घालत, ही प्रसिद्ध कथा त्याच परंपरेतली. ती खरी असली तरी तीत आल्बुकेर्कची थोरवी किती आणि मागून आलेल्यांची हरामखोरी किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. जुन्या मुकादमाची आठवण काढून रडणारे कामगार आपणही पाहिले आहेत.

दुसरी मूर्ती महाकवीने घडविली. कामोइंश स्वतः गोव्यात राहिला होता. १५७२ मध्ये छापलेल्या त्याच्या ‘लुसियाद’ या महाकाव्यात आल्बुकेर्कच्या विजयांचे गुणगान आहे, आणि आश्चर्य म्हणजे निंदाही आहे. निंदा कशाबद्दल? पावसाळ्यात मांडवीत अडकून पडले असता रुई दियश नावाच्या एका पोर्तुगीज सरदाराने जहाजावरील बंदिवान मुसलमान स्त्रियांशी संग केला, म्हणून आल्बुकेर्कने त्याला फाशी दिले. कवीला ही शिक्षा फार कठोर वाटली. मशिदीत कोंडून जाळलेल्यांसाठी मात्र त्या थोर, संवेदनशील कवीच्या डोळ्यांत पाणी नाही. त्या बंदिवान स्त्रियांना काय वाटले असेल, हा प्रश्न तर त्याच्या मनाला शिवलाही नाही. मी कामोइंशला लहान कवी म्हणत नाही. तो मोठाच आहे. मोठ्या कवीची करुणासुद्धा आपल्या जातीच्या कुंपणाशी कशी थबकते, हे आपल्या साहित्यिकांनी त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. १५४७ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने आजवरच्या सर्व गव्हर्नरांच्या तसबिरी करवून घेतल्या. देखरेख होती गास्पार कोर्रैया याच्याकडे. हा तरुणपणी आल्बुकेर्कचा लेखनिक होता. आल्बुकेर्क मरून तेव्हा तीस वर्षे उलटली होती. कोर्रैयाने आठवणीतून चेहरा सांगावा आणि चित्रकाराने तो फळीवर उतरवावा, असा तो प्रकार. आणि चित्रकार कोण? गोव्यातीलच एक एतद्देशीय कारागीर. कोर्रैया त्याच्या अंगच्या कौशल्याची स्तुती करतो, पण त्याचे नाव लिहीत नाही! ज्याला आल्बुकेर्कचा चेहरा म्हणून जग ओळखते, ती लांब दाढी, ती करडी नजर, त्या परंपरेच्या मुळाशी जिंकल्या गेलेल्या शहरातील एका कारागिराचा हात आहे. त्या तसबिरी पुढे वारंवार रंगविल्या गेल्या, एका चेहऱ्यावर दुसरा थर चढला. मूळ हात आज शोधावा लागतो.

त्याच सुमारास, १५४० च्या आगेमागे, गोव्यात कोणा हिंदी चित्रकाराने आणखी एक काम केले. आफ्रिकेपासून चीनपर्यंतच्या लोकांची सत्तरांवर जलरंगचित्रे त्याने काढली. ती आज रोममधील कासानातेन्से ग्रंथालयात आहेत. त्यांत सेनापती नाहीत. नाना देशांची, नाना धंद्यांची माणसे आहेत, बायका आहेत, लग्नाच्या मिरवणुका आहेत. होर्मुझच्या उकाड्याने हैराण होऊन पाण्याच्या हौदात बसून जेवणारे पोर्तुगीजही आहेत! विजेत्याला हौदात बसलेला पाहणारी ही नजर मला त्या साऱ्या तसबिरींहून अधिक खरी वाटते. याही चित्रकाराचे नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

आणि एक गेंडा. दीव बंदरात किल्ला बांधू द्यावा म्हणून आल्बुकेर्कने गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाकडे वकील पाठविले. सुलतानाने किल्ला दिला नाही, गेंडा दिला. आल्बुकेर्कने तो १५१५ च्या जानेवारीत राजाकडे रवाना केला आणि मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. ते जनावर कधीही न पाहता, केवळ पत्रातील वर्णन व एक रेखाटन यांवरून जर्मनीतील ड्यूररने त्याचे लाकडी ठशाचे चित्र केले. अंगावर लोखंडी चिलखत, पाठीवर एक जादा शिंग! पुढील दोन-अडीचशे वर्षे युरोपने तोच गेंडा खरा मानला. त्या गेंड्याबरोबर समुद्रातून गेलेला एक हिंदी माहूत होता. पोर्तुगीज कागदांत त्याचे नाव ओसेम असे येते. आपण बहुधा हुसेन म्हणू. त्याचे चित्र ड्यूररने काढले नाही.

विसाव्या शतकात या मूर्ती दगडात व ब्राँझमध्ये गेल्या. लिस्बनमध्ये १९०२ साली आल्बुकेर्कचे भव्य स्मारक उभे राहिले. त्याच्या चबुतऱ्यावरील शिल्पपटांपैकी एकात गोव्याच्या किल्ल्या त्याच्या हवाली होत आहेत. हा फेब्रुवारीचा प्रसंग. नोव्हेंबरचा प्रसंग दगडात कोरण्याची कोणाला गरज वाटली नाही. १९४० मध्ये सालाझारने साम्राज्याचे मोठे प्रदर्शन भरविले आणि त्यासाठी दर्यावर्दींचे एक तात्पुरते स्मारक उभारले. १९६० मध्ये, गोवा हातचा जाण्याच्या केवळ एक वर्ष आधी, तेच पक्क्या दगडात बांधण्यात आले. आल्बुकेर्क त्यातही आहे. मधल्या काळात, १९५५ मध्ये, गोव्याच्या सीमेवर आपल्या सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. नानासाहेब गोरे, मधु लिमये, शिरूभाऊ लिमये आदी आपले साथी त्याच सालाझारच्या तुरुंगात खितपत पडले. पुतळ्यांचा खर्च आणि तुरुंगांचा खर्च एकाच तिजोरीतून होत होता.

मेक्सिकोत दिएगो रिव्हेरा या साम्यवादी चित्रकाराने राष्ट्रीय प्रासादाच्या भिंतींवर कोर्तेस दोनदा रंगविला. आधी चिलखतातला बलदंड लढवय्या, आणि नंतर, १९५१ च्या चित्रात, कुबडा, रोगट, ओंगळ. दुसऱ्या चित्राने आपल्यासारख्यांना आनंद होतो, मलाही झाला. पण विचार केला की खटकते. साम्राज्य कुबड्या माणसाने आणले, असे म्हटले की सरळ पाठीचे सावकार, व्यापारी आणि राजे सुटतात. कोर्तेसला त्लाश्कालाची फौज मिळाली नसती, आल्बुकेर्कला तिमोजा मिळाला नसता, तर काय झाले असते, हा प्रश्न ओंगळ चेहरा विचारू देत नाही. आजचे जे लोक गोव्याचा इतिहास केवळ ख्रिस्ती विरुद्ध हिंदू असा सांगतात, तेही एक चेहरा ओंगळ रंगविण्याचेच काम करीत आहेत. त्यात तिमोजा नसतो, कत्तलीतले सहा हजार नसतात, आणि त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्यासारखा ख्रिस्ती घरात जन्मलेला स्वातंत्र्यसैनिकही नसतो.

या कुन्यांवरून आठवले. पणजीच्या आझाद मैदानावर जो मंडप आहे, तो एकोणिसाव्या शतकात जुन्या गोव्याच्या भग्न वास्तूंतील खांब आणून आल्बुकेर्कच्या पुतळ्यासाठी उभारला होता. मुक्तीनंतर पुतळा गेला. १९८६ पासून तेथे कुन्यांच्या अस्थी आहेत. मंडप पाडला नाही, खांब फोडले नाहीत. आतला माणूस बदलला. लोहियांच्या मागणीचा मी तरी हाच अर्थ घेतो. चौकातला मान काढून घ्या, वस्तू संग्रहालयात ठेवा आणि तिथे तिची पूर्ण हकीकत लिहा, २२ डिसेंबरच्या पत्रासकट.

जाता जाता तुमच्या धंद्याची एक गोष्ट. गोवा घेतल्यावर आल्बुकेर्कला तेथे आदिलशाही शस्त्रशाळा आयती मिळाली. १५१३ मध्ये त्याने राजाला कळविले की, येथले बंदुका घडविणारे कारागीर बोहेमियातल्यांच्या तोडीचे आहेत. बोहेमिया म्हणजे त्या काळचे युरोपातले नामांकित बंदूकघर. तेच हात, तीच भट्टी, काल आदिलशहासाठी, आज पोर्तुगालसाठी. नळी ओतणाऱ्याला कोणी विचारले नाही की ती कोणावर रोखायची. आपल्या या वसाहतीत मालक बदलले, पाट्या बदलल्या, तेव्हा यंत्रावरच्या माणसाला कोणी विचारले होते?

दिवाळीनंतर अभ्यासवर्गाची सहल गोव्याला न्यावी असे ठरत आहे. जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात खाली आल्बुकेर्कचा ब्राँझचा पुतळा आहे, आणि वरच्या मजल्यावर त्या तसबिरींचे दालन. तेथे जरा वेळ थांबा. मडगावला लोहिया मैदानही पाहायचे आहे, जेथे १८ जून १९४६ रोजी सभाबंदी मोडली गेली. दिवस ठरविताना एवढे लक्षात असू द्या की शुक्रवारी संग्रहालय बंद असते.