नकाशातील जुने गोवे



जुन्या गोव्यास जाणारा बॉम जेजूचे चर्च पाहून परततो. १५८३ साली तेथे आलेल्या लिन्शोटेन या आर्चबिशपांच्या डच चिटणिसास ते दिसलेच नाही. त्याचे बांधकाम १५९४ साली, तो मायदेशी परतल्यावर, सुरू झाले. त्याच्या १५९६च्या ग्रंथातील नकाशात मात्र, आज माडांखाली लोपलेली घरांची दाटी रेखलेली आहे. नकाशा सुबक, पण मुका. त्यातील हमरस्ता हा केवळ रस्ता आहे. त्याच ग्रंथातील बाजाराचे चित्र व वर्णन पाहावे, म्हणजे कळते की तेथे रोज सकाळी लिलाव भरे आणि घोडे, मसाले यांबरोबर माणसेही विकली जात. पुढे रोगराईने शहर ओस पडले. १८४३ साली राजधानीचा मान पणजीस मिळाला. नकाशावरील नावे पोर्तुगीज. गावकऱ्यांच्या तोंडचे ‘एला’ त्यांहून जुने.