रामजोशींच्या गावात

मंडळी, आणि पहिल्या रांगेतले मालक,

सोलापुरात ज्याचं नाव ठाऊक नसतं त्यालाही आपण मालक म्हणतो. तेव्हा पहिल्या रांगेनं फार फुशारून जाऊ नये.

या कार्यक्रमाचं निमंत्रण द्यायला आलेल्या कार्यकर्त्यांनी चहा पिता पिता एक विनंती केली. सर, कशावरही बोला, फक्त देवाधर्मावर नको. वर्गणीदार सगळ्या मंडळांचे आहेत. मी विचारलं, उद्घाटन कशानं करणार? म्हणाले, सरस्वतीपूजनानं. देव टेबलावर चालतो, भाषणात चालत नाही. मी अट तिथंच नाकारली. तरीही निमंत्रण मागं घेतलं नाही. हा त्यांचा मोठेपणा, की पत्रिका आधीच छापून झाल्या होत्या, ते त्यांनाच माहीत.

तर मी देवाधर्माच्या थट्टेवरच बोलणार आहे. हा विषय मी पुण्या-मुंबईहून आणलेला नाही. पेशवाईच्या उतरत्या काळात याच सोलापुरात रामजोशी झाले. थोरले बंधू मुद्गल जोशी नावाजलेले पुराणिक, आणि धाकट्याची ऊठबस धोंडी शाहिराच्या फडात. भावानं घराबाहेर काढलं. गडी पंढरपूरला गेला, संस्कृत शिकला, कीर्तनं केली आणि पुन्हा डफ-तुणतुण्याकडे वळला. जटा वाढवून मठ मांडून बसणाऱ्यांची त्यानं लावणीत अशी खरडपट्टी काढली की ती अजून लोकांच्या तोंडी आहे. या माणसाला धर्म कळत नव्हता असं कुणी म्हणून दाखवावं! त्याला धर्म पाठ होता, म्हणूनच ढोंग लगेच दिसलं.

१९४७ साली राजकमलनं ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला. दिग्दर्शन बाबूराव पेंटरांचं, रामजोशी झाले जयराम शिलेदार, जोडीला हंसा वाडकर. कीर्तनकार तमाशात जातो ही गोष्ट महाराष्ट्रानं पडद्यावर डोळे भरून पाहिली आणि कुणाचा धर्म बुडाला नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पंढरपुरात साने गुरुजी उपोषणाला बसले, विठ्ठलाचं मंदिर दलितांना उघडावं म्हणून. तेव्हाही पुष्कळांच्या भावना दुखावल्या होत्या बरं का! त्या भावनांचं ऐकलं असतं तर चोखोबांची लेकरं आजही पायरीपाशीच उभी असती.

विठोबाला शिव्या द्यायला जनाबाईंनी कुणाची परवानगी घेतली नाही. एकनाथांच्या भारुडातली सून तर भवानीला नवस बोलते आणि सासू-सासऱ्यापासून नवऱ्यापर्यंत एकेकाचा निकाल लावायला सांगते. ही भवानी कुठली? इथून पंचेचाळीस किलोमीटरवरची. कोजागरीला सोलापूरकर जिच्याकडे अनवाणी चालत जातात, तीच. तेच भारूड आज एखाद्या पोरीनं कॉलेजच्या गॅदरिंगसाठी नव्यानं लिहिलं तर काय होईल? संध्याकाळपर्यंत तिचा व्हिडिओ कापून फिरवला जाईल, दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर निवेदन येईल, आणि निवेदनावर सही करणाऱ्यानं नाथांचं भारूड कधी ऐकलेलंही नसेल.

आता आपल्या घरातलंच उदाहरण घेतो. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. होम मैदानावर होमविधी झाला की रात्री भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात. त्याच्यापुढं धान्य, गूळ, खोबरं असं काय काय मांडतात. ते मुतलं तर पाऊस चांगला, बिचकलं तर वर्ष संकटाचं, आणि कशाला तोंड लावतं त्यावरून बाजारभाव. भोवती हजारोंची गर्दी, हलग्यांचा कडकडाट, वर धरलेले मोबाईल, टीव्हीवाल्यांचे दिवे. त्या पिल्लानं बिचकायचं नाही तर काय करायचं? सकाळी पेपरात बातमी: वासरू बिथरलं, महागाईची चिन्हं. मला विचाराल तर भाकणूक बंद करू नका. आपल्याकडच्या सगळ्या आर्थिक पाहण्यांत ही जरा जास्तच प्रामाणिक आहे. त्या वासरानं आजवर सुधारित अंदाज जाहीर केलेला नाही.

हसलात ना? मागं यात्रेत नंदीध्वज पेलणारे काहीजण बसलेत, तेही हसले, मी पाहिलं. बाराबंदी घालून तो भलामोठा ध्वज सगळ्या गावातून तोलत नेणाऱ्याची श्रद्धा माझ्या एका वाक्यानं हलत नाही. हलते ती त्याची, जो काठीला हात लावत नाही आणि फ्लेक्सवर मात्र सिद्धेश्वरांच्या शेजारी, सिद्धेश्वरांहून मोठा, हात जोडून उभा असतो.

हे सिद्धेश्वर, म्हणजे सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले. बसवण्णांच्या काळातले वचनकार. त्यांचं मोठं काम कोणतं? लोकांना पाणी मिळावं म्हणून तळं खोदलं. त्यांच्या नावाची रेल्वे आहे, साखर कारखाना आहे, गल्लोगल्ली दुकानं आहेत. आणि उजनी धरण काठोकाठ भरलेलं असतानाही त्यांच्या गावातल्या नळाला वर्षानुवर्षं तीन-चार दिवसांआड पाणी आलं. बायकांनी रात्री दोनला उठून पिंपं भरली. यावरून कुणाच्या धार्मिक भावना दुखावल्या, मोर्चा निघाला, ‘तळं खोदणाऱ्या संताचा हा अपमान आहे’ अशी घोषणा झाली, असं मी तरी ऐकलेलं नाही. एखाद्या कवीनं तळ्यातल्या घाणीवर कविता केली तर मात्र देवस्थानची बदनामी!

तेच मिरवणुकांचं. १८८५ पासूनचा आजोबा गणपती, टिळकांच्याही आधीचा, म्हणून आपण छाती काढतो. लेझीम खेळावी ती सोलापूरनं, हेही खरंच. मग ती लेझीम डीजेच्या भिंतीमागं गाडली कुणी? निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, असा नियम २००० सालापासून कागदावर आहे. त्या भिंतीसमोर तान्ह्या बाळाला घेऊन उभं राहून बघा. गाणं कुठलं वाजतं? देवापुढं वाजू नये तेच. मी सिनेमातल्या आयटम साँगवर लेख लिहिला तर संस्कृती बुडते, आणि तेच गाणं बाप्पाच्या ट्रॅक्टरपुढं वाजलं की उत्साह! गणपती, नवरात्र, जयंत्या, जुलूस, मी एकाचं नाव घेत नाही, कारण सगळ्यांचंच घ्यावं लागेल. २०२५ मध्ये डीजेविरुद्ध इथले नागरिक एकत्र आले, त्यांचं कौतुक. त्यांत लेखक किती होते, हे मला विचारू नका, मान खाली जाईल.

भावना दुखावण्याबद्दल कायदा तरी काय सांगतो? १९२७ साली इंग्रजांनी दंड संहितेत २९५-अ घातलं. आता ते न्याय संहितेत २९९ झालंय. त्यात अट आहे: हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीनं केलेला अपमान. नुसती खिल्ली नाही, नुसतं मतही नाही. पण आपल्याकडं खटला उभा राहायची वाट कोण बघतो? २००९ साली महाबळेश्वरच्या संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आनंद यादव निवडून आले होते. त्यांच्या तुकोबांवरच्या कादंबरीवरून वाद पेटला. यादवांनी माफी मागितली, राजीनामा दिला आणि अखिल भारतीय संमेलन अध्यक्षाविना झालं. ती कादंबरी मला फारशी आवडलेली नाही. न आवडण्याचा हक्क मी परीक्षण लिहून बजावला असता. पण मांडवात जमलेले हजारो साहित्यिक रिकामी खुर्ची बघून जेवायला गेले, हे मला आजही गिळवत नाही. २०२० साली शेजारच्या धाराशिवला फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले, तर ते धर्मगुरू आहेत यावरूनच आरडाओरडा. ते आले, बोलले, परत गेले. मराठीचं काय वाईट झालं?

आणि २०१३ साली पुण्यात दाभोलकरांचा, २०१५ साली धारवाडला कलबुर्गींचा खून झाला. कलबुर्गी वचनसाहित्याचे संशोधक. म्हणजे ज्या परंपरेत आपले सिद्धराम येतात, ती परंपरा कागद चाळून, शिलालेख वाचून समजावून सांगणारा माणूस. त्याला घराच्या दारात गोळ्या घातल्या. सिद्धरामांचं नाव घेऊन पोट भरणाऱ्यांपैकी किती जणांच्या भावना त्या दिवशी दुखावल्या, ते तुम्हीच आठवून बघा.

हे शहर भित्र्यांचं नाही हो! १२ जानेवारी १९३१ ला इथले स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा एकाच दिवशी फासावर गेले. पाठोपाठ संक्रांत येते, गड्डा भरतो. त्या चौघांच्या पुतळ्यांना हार घालणारे हातच पुढच्या आठवड्यात कुठल्याशा नाटकाचा प्रयोग बंद पाडायला जातात. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली याच गावानं भरवलं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत बोलणाऱ्या माणसांना दुसऱ्याच्या देवावरचा विनोद पचतो आणि स्वतःच्याही. पचत नाही तो निवडणुकीच्या आधीच्या सहा महिन्यांत.

म्हणून समारोपात आभार मानण्याऐवजी एक ठराव मांडतो. सोलापुरातल्या कोणत्याही साहित्य संस्थेनं वक्त्याकडे, कवीकडे, नाटकवाल्याकडे आधी संहिता मागू नये. कुणी निवेदन घेऊन आलं तर पुस्तक पुढं ठेवावं, चहा द्यावा आणि पूर्ण वाचून मगच बोलायला सांगावं. आणि लेखकावर बाका प्रसंग आला तर त्या संस्थेच्या अध्यक्षांनी, चिटणिसांनी त्याच्याबरोबर पोलीस चौकीपर्यंत चालत जावं.

ठरावाचा सूचक मी. अनुमोदन ज्यांना द्यायचं आहे त्यांनी उभं राहून स्वतःचं नाव मोठ्यानं सांगावं.