एका मोठ्या संख्येचे दोन गुण



देवळाली म्हणताच आपणांस राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा आठवेल. मी सांगतो आहे ती शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील देवळाली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) तेथे शाळाशिक्षक होते. १, १२१, १२३२१ अशा संख्यांची कल्पना त्यांना डोंबिवली रेल्वे स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी त्यांस ‘डेम्लो’ हे नाव दिले.

नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. त्याच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ नेच त्यास निःशेष भाग जातो. अशा संख्येस कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटले.

परंतु नवल दाखवून थांबू नये. मी वर्गावर असताना हा वर्ग फळ्यावर लिहिला, तेव्हा एका मुलाने विचारले, “गुरुजी, दहा एक घेतले तर?” “ते परीक्षेत नाही,” असे म्हणून मी त्यास खाली बसविले. ही चूक मला आजही सलते.

गुणाकार मांडून पाहा. नऊ एकांपर्यंत कोणत्याही उभ्या ओळीची बेरीज नऊपुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा एक घेताच मधल्या ओळीत दहा होतात, हातचा येतो आणि रचना मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

हातच्याचा अर्थ याहून चांगला कोठे उमगेल? त्यास पाटी-पेन्सिल पुरते. मुलाने “तर?” म्हटले की त्यास बसवू नका, फळ्याजवळ बोलवा.