माती वाचायला शिकवा

(देवगाव रंगारी इथं वस्त्यांवरचे रात्रवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत.)

साथींनो, आणि मागं बसलेल्या आयाबायांनो, पुढं सरका. मागं ऐकू येत नाही.

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोघंतिघं हसले. जमिनीच्या लढाईत मातीचा धडा कशाला? लेकरांना बाराखडी येऊ द्या, सातबारा वाचता येऊ द्या, बस झालं. आम्हालाही आधी असंच वाटत होतं. का बदललं, तेच सांगायला उभे आहोत.

पहिली चूक आमचीच. एका वस्तीवर आम्ही पुस्तकातला धडा घेतला. फळ्यावर आडव्या रेघा मारल्या. हा वरचा थर, हा मधला, हा खालचा. लेकरं गप्प. 'समजलं का?' तर सगळे एका सुरात 'व्हय'. म्हणजे काहीच समजलं नव्हतं. दाराशी एक म्हातारी आजी बसली होती. ती म्हणाली, "गुरजी, रेघा कामून मारता? भाईर खड्डा हाय की."

खरंच होता. कुणीतरी घराच्या पायासाठी खणून अर्धवट सोडलेला. दुसऱ्या दिवशी उजेड असतानाच वर्ग त्या खड्ड्यात भरवला. जी पोरं फळ्यापुढं तोंड उघडत नव्हती, ती एकमेकांना ढकलून बोलायला लागली.

वर चार-सहा बोटं माती. तिच्यात गवताची मुळं, मुंग्या, शेणाचा अंश, म्हणून रंग काळपट. तिच्या खाली भरड माती, बारीक खड्यांची, मुळं थोडीच. त्याखाली मुरूम. बोटानं टोकरला तर सुटतो, पाणी ओतलं तर पिऊन टाकतो. आणखी खाली कच्चा खडक, कुदळ टण्ण वाजते. सगळ्यात खाली काळा पाषाण. एका पोरीनं विचारलं, "मुरूम म्हंजी मेलेला दगड का?" आम्ही म्हणालो, उलट. दगडाची माती व्हायला निघाली आहे, मुरूम हा वाटेतला मुक्काम. ऊन, पाऊस, झाडाची मुळं यांनी पाषाण फुटतो, सडतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. आणि वाहून जायला वळवाचा एक जोरदार पाऊस पुरतो.

हा पाषाण आला कुठून, हे लेकरांना जरूर सांगा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून तापलेला रस बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. मराठवाड्याचा बहुतेक भाग त्याच थरांवर बसलाय. कन्नडच्या घाटात डोंगराला पायऱ्या दिसतात ना, त्या ह्याच थरांच्या. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबड्या मातीचा पट्टा असतो, विहीर खणणाऱ्यांनी तो पाहिलेला आहे. वेरूळचं कैलास लेणं ह्याच काळ्या पाषाणात कोरलं, तेही वरून खाली. जे काम छिन्नीनं तिथं झालं, तेच आपल्या वावरात पाऊस करतो, फक्त फार हळू.

आता मातीच्या जाती. इथं एक गोष्ट पाळा. पुस्तकातली नावं आधी सांगू नका. लेकरांना घरी पाठवा आणि आजी-आजोबांकडून नावं आणायला सांगा. आमच्याकडं आलेली नावं अशी होती: काळी, भारी, मध्यम, हलकी, बरड, मुरमाड, खडकाळ, चोपण, पांढरी, गाळाची, चुनखडीची. एवढी नावं पुस्तकात नाहीत. प्रत्येकीचा गुण विचारा. काळी ओल धरते, म्हणून पाऊस संपल्यावरही त्यात शाळू येतो. ती उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगेत पडते, पावसात फुगते, वरचं खाली नि खालचं वर होतं. म्हणून खोल काळ्या रानात थर खड्ड्यासारखे वेगवेगळे दिसत नाहीत, हेही लेकरांना दाखवा. नाहीतर सगळीकडं रेघा असतात असं त्यांना वाटेल. बरड माती पाणी धरत नाही, पण बाजरी, हुलगा, मटकी तिच्यात निघते. चोपण रानावर पांढरट खार दिसतो, पाणी वरच साचून राहतं.

आणि पांढरी. जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाचे दोन भाग असतात. घरं जिथं ती पांढरी, पिकं जिथं ती काळी. घरं पडून, राख-शेण मुरून पांढरीची माती सकस होते. लोक गाड्या भरून ती वावरात टाकतात. हे सांगत होतो तेव्हा एका पोरानं विचारलं, "मग आपली वस्ती कशावर हाय?" कुणी उत्तर दिलं नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. काळी त्यांची, पांढरीही त्यांचीच, आपल्या वाट्याला बरड. भिलाची वस्ती गावाबाहेर माळावर, आणि तो माळ सरकारी कागदावर गायरान. मातीचा धडा घेता घेता लेकरांनी गावाचा नकाशा वाचला, साथींनो. आम्ही शिकवला नव्हता.

आता मुद्द्यावर येतो.

पडीक आणि गायरान जमिनीसाठी मराठवाड्यातले भूमिहीन १९५३ सालापासून सत्याग्रह करत आले आहेत. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं तुरुंगात गेली. त्या रेट्यातून पुढं निर्णय निघत गेले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची, शेतीसाठी केलेली भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. म्हणजे सिद्ध काय करायचं? की आपण ही जमीन तेव्हापासून कसतो आहोत. कागद कोणते? दंडाच्या पावत्या, गाव नमुना १-ई मधली नोंद, पीकपाहणी, पंचनामा. आणि अडतं ते पंचनाम्यापाशी.

एका वस्तीवर घडलेलं सांगतो. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी जीप रस्त्यावरच उभी केली. उन्हाळ्याचे दिवस, रानात पीक नाही. उभ्या उभ्याच कागदावर लिहिलं: पडीक, मुरमाड, पिकालायक नाही. खाली दोन पंचांचे अंगठे. त्या रानावर तीन घरं बाजरी खातात. कागदानं ती घरं पुसून टाकली. आमचे कार्यकर्ते तावातावानं भांडायला निघाले. तेवढ्यात रात्रवर्गातला एक पोरगा म्हणाला, "साहेब खाली वाकलेच नाहीत. वाकून बघितलं असतं तर कळलं असतं."

मग वाकून बघायचं ठरलं. लेकरांनी मोठ्यांना बरोबर घेऊन दोन खड्डे घेतले. एक शेजारच्या न कसलेल्या माळावर, एक आपल्या वावरात. दोन्हींच्या मध्ये वीस पावलं. माळावरच्या खड्ड्यात चार बोटं माती, मग लगेच मुरूम, आत कुसळाची मुळं. वावरातल्या खड्ड्यात वीतभर माती, गोटे वेचलेले, शेणखताचा काळपटपणा, बाजरीची धसकटं. खालच्या अंगाला दगडाचा बांध, आणि बांधाच्या पोटात दीड हात माती अडलेली. वेचलेले गोटेच त्या बांधात रचलेले. बांधावरच्या दगडांना दगडफूल चढलेलं.

ही माती तिथं आपोआप आली नाही. वखरामागं चाललेल्या बाईनं गोटे उचलले, पाटीनं उकिरडा वाहिला, पोरांनी बांध रचला. बहात्तरच्या दुष्काळात आपल्याच माणसांनी खडी फोडली, दुसऱ्यांच्या रानात बांध घातले, ताली टाकल्या. तीच विद्या इथं वापरली. महात्मा फुल्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शेतकऱ्याच्या असुडात सरकारला सांगितलं होतं की बांध घाला, पाणी रानात मुरवा. इथं कुणाच्या हुकमाची वाट न बघता बांध घातले गेले, आणि घालणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नाही.

लेकरांनी मापं घेतली. पाच वडीलधाऱ्यांसमोर कागद केला, दोन्ही खड्ड्यांची चित्रं काढली, आणि फेरपंचनाम्याच्या अर्जाला जोडली. फेरपंचनामा अजून व्हायचा आहे. जिंकलो असं आम्ही सांगत नाही. पण आता येणाऱ्याला वाकावं लागेल, कारण वाकून बघणारी दहा-बारा पोरं तिथं उभी असतील.

एक धोका सांगून ठेवतो. त्याच पोरांतला एक जण ऐटीत म्हणाला, "वीतभर माती, म्हंजी वीस वर्षं." आजोबांनी त्याला तिथंच अडवलं. माती सन सांगत नाही. ती कष्ट सांगते, साल पावती सांगते. आपण मातीच्या तोंडी तिनं न बोललेलं घातलं तर आपलं खरंही खोटं ठरेल. म्हणून खड्डा पावतीच्या जोडीला, पावतीच्या जागी नाही. पावत्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, छपरात खोचू नका.

आता वर्ग कसा घ्यायचा. चार दिवसांचा धडा आहे, खर्च शून्य.

पहिला दिवस खड्ड्याचा. वरून खाली हात फिरवायचा, प्रत्येक थराची चिमूट वेगळ्या कागदावर. मापं वीत-बोटांत घ्या, मग पट्टीनं.

दुसरा दिवस हाताचा. माती भिजवून वळकटी करा. वळतच नाही ती रेताड. वळते पण मोडते ती मध्यम. जिची बांगडी होते ती चिकण, काळी.

तिसरा दिवस बाटलीचा. काचेच्या बाटलीत मूठभर माती, वर पाणी, खूप हलवा आणि ठेवून द्या. रेती लगेच बसते, मग गाळ, चिकण माती उशिरा, काडीकचरा वर तरंगतो. लेकरांना सकाळी उठून बघू द्या. चुनखडीच्या खड्यावर लिंबू पिळून बुडबुडेही दाखवा.

चौथा दिवस पाण्याचा. दोन्ही बाजूंनी उघडा डबा बरड रानात रोवा, तसाच काळ्या रानात. दोन्हींत एकेक तांब्या पाणी ओता आणि अंक म्हणत बसा. कोण आधी पितं ते लिहा. आकडे शिकवायचं वेगळं काम उरत नाही.

हे दिवाळीच्या आत उरका. दिवाळीनंतर कोयते निघतात, लेकरं आईबापांबरोबर उसाच्या फडात जातात, वर्ग ओस पडतो. जाताना प्रत्येक लेकराच्या वहीत आपल्या रानाच्या खड्ड्याचं चित्र असलं पाहिजे.

शेवटचं मोठ्यांसाठी. रस्त्याच्या कामाला मुरूम, वीटभट्टीला माती, म्हणून कुणी ट्रॅक्टर घेऊन येतो आणि हातावर शंभराची नोट ठेवतो. नोट आठवड्यात संपते. जो थर गेला तो तुमच्या नातवालाही परत दिसणार नाही, आणि त्याबरोबर आपला पुरावाही गेला. ज्या जमिनीसाठी लढतो तीच खणून विकली, तर पट्टा मिळून त्यावर पेरायचं काय?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक वर्गानं दोन कागद आणायचे. एकावर वस्तीतल्या मातीची नावं, म्हाताऱ्यांच्या तोंडची, जशीच्या तशी. दुसऱ्यावर दोन खड्डे, एक कसलेल्या रानातला, एक पडीक माळावरचा, मापांसकट, पाच जणांच्या सह्या-अंगठ्यांसह. जो आणणार नाही त्यानं पुढं बसून कारण सांगायचं.

कसेल त्याची जमीन! जिंदाबाद!