कचेरीतील उमेदवारी आणि लोकसेवेची तयारी



राज्य शासनाने 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी झालेल्यांना दरमहा 6,000, आयटीआय व पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची होती. वस्तीतील पालक आम्हाला विचारतात, "दादा, पोरगं परमनंट होईल का?" सरळ सांगतो, ही नोकरी नव्हे, उमेदवारी आहे. कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थींनी 2025 साली आंदोलनेही केली. त्यांचे दुःख आम्ही जाणतो; पण त्या आशेवर एमपीएससीचा अभ्यास गुंडाळून ठेवणे आपल्या मुलांना परवडणारे नाही.

मग जायचे कशाला? कचेरी शिकायला. आवक-जावक, नस्ती, टिपणी, शासन निर्णय हे शब्द आपल्या किती घरांत ऐकू येतात? ज्यांच्याकडे दोन पिढ्या सरकारी नोकरी आहे, त्यांची मुले ही भाषा जेवताजेवता शिकतात. आपला माणूस मात्र जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा शोधत खेटे घालतो, आणि अर्ज परत का आला हे त्याला धड कोणी सांगत नाही. वास्तविक 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत घातली आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते, वर अपील करता येते. हे सारे टेबलाच्या आतून पाहिलेला एक विद्यार्थी वस्तीत असला तर दहा घरांचे खेटे वाचतील.

टेबलाच्या आत बसणे सोपे नव्हते. 1917 साली बडोद्याच्या कचेरीत शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर लांबून कागद फेकीत. आणि बाबासाहेब तर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले! पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना, 1943 साली, त्यांनी केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा राखून घेतल्या.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. नुसत्या गोळ्या काळ्या करून आता भागणार नाही, मुद्देसूद लिहावे लागेल. कचेरीत रोज एक टिपणी लिहिणाऱ्याचा हात तेवढा तरी वळेल. संध्याकाळ मात्र पुस्तकांसाठीच ठेवावी.

ज्यांना अर्ज भरायचे आहेत त्यांनी रविवारी सकाळी विहारात कागदपत्रे घेऊन यावे. बँकेतले आम्ही दोघे-तिघे तपासून देऊ. आधारशी जोडलेल्या खात्याचे पासबुक सोबत आणावे.