नाद, प्रकाश आणि कामगाराचा कान



पदार्थविज्ञानासारख्या विषयावर कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. परंतु बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतील गोंगाटाचा प्रश्न नीट मांडायचा, तर लाटेचे शास्त्र थोडे तरी जाणून घ्यावे लागते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

लाट म्हणजे काय? नारळी पौर्णिमेला सातपाटीच्या समुद्रात सोडलेला नारळ पाहा. एकामागून एक लाट त्याच्याखालून किनाऱ्याकडे निघून जाते. नारळ मात्र वर उचलला जातो, खाली येतो, आणि जवळजवळ तेथेच राहतो. याचा अर्थ असा की पाणी प्रवास करीत नाही. पाण्याची हालचाल प्रवास करते. पुढे जाते ती ऊर्जा. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवा. पुढचे सारे त्यातूनच निघते.

आपल्या वारली बांधवांचा तारपा घ्या. वादकाने फुंकलेली हवा तुमच्या कानापर्यंत येत नाही. तेथील हवेचे कण पुढे-मागे हलतात, शेजारच्या कणांना ढकलतात, ते त्यांच्या शेजाऱ्यांना, आणि हा धक्का सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने तुमच्याकडे येतो. वळवाच्या दिवसांत वीज चमकल्यावर सेकंद मोजून पाहा. दर तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर, असा हिशेब धरला की वीज किती दूर कडाडली ते कळते. सेकंदाला किती कंप होतात त्यावर स्वर उंच की खालचा ते ठरते. सुमारे २० पासून २०,००० पर्यंतचे कंप माणसाला ऐकू येतात.

हवेप्रमाणे जमिनीतूनही लाटा जातात. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिचा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना आहे. भूकंपाची पहिली लाट नादासारखीच पुढे-मागे ढकलत येते. आडवी हलवणारी दुसरी लाट तिच्यामागून येते. पहिलीचा काही अंश हवेत उतरला, की त्यालाच आपण जमिनीचा गडगडाट म्हणतो.

प्रकाशही लाटच आहे. पण त्याला हवा लागत नाही, पाणी लागत नाही. रिकाम्या अवकाशातून तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने येतो, म्हणूनच सूर्य आपल्याला दिसतो. नाद आणि प्रकाश यांत आणखी एक मोठा फरक आहे, तो लांबीचा. सेकंदाला ३४० कंप असलेल्या नादाची एक लाट मीटरभर लांब असते. प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी. लांब लाट आडोशाला वळसा घालते, आखूड लाट तेथेच अडते. भिंतीपलीकडचा माणूस दिसत नाही, पण त्याची हाक ऐकू येते, ती यामुळे.

आता साळखात्यात या. मागांच्या रांगेपुढे पुरुषभर उंचीचा पत्रा उभा केला आणि “घ्या, आवाज अडवला” असे सांगितले, तर त्या पत्र्याने माग दिसेनासे होतील, गोंगाट थांबणार नाही. तो वरून वळेल, छपरावर आपटून परत येईल. अर्धे माग बंद ठेवले, तरी आवाज अवघा ३ डेसिबलने उतरतो. कारण डेसिबलचे माप साध्या गजासारखे नाही. १० डेसिबल वाढले की ऊर्जा दसपट होते. १९४८ च्या कारखाने कायद्याखालील नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा होती, आणि १०० डेसिबलला केवळ दोन तास.

ही ऊर्जा शेवटी जाते कोठे? कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नळी आहे. तीत केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे १५ हजार पेशी नादाची लाट झेलतात. अति मार बसला की त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम जातात त्या ४,००० कंपांच्या आसपास ऐकणाऱ्या. म्हणून कामगाराला बोलणे ऐकू येते, पण त्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. घरची माणसे म्हणतात, “हल्ली यांचे लक्ष नसते.” लक्ष असते, कान गेलेला असतो.

नव्या पोराला सांगितले जाते, “होईल सवय.” मित्रहो, कानाला सवय होत नसते. सवय वाटते, ती पेशी मेल्यामुळे!

म्हणून मागणे एवढेच. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तेथे आवाज मोजून घ्या. दरवर्षी कानाची तपासणी करवून त्याचा कागद आपल्याजवळ ठेवा. कापसाच्या बोळ्यावर विसंबू नका. नीट बसणारी कर्णरक्षके मागा. पण त्याआधी यंत्राचे झिजलेले भाग बदला, ते कंप शोषणाऱ्या बैठकीवर बसवा, शक्य तेथे पूर्ण झाकून घ्या. लाट जेथे उठते तेथेच तिला थोपवणे सर्वांत स्वस्त पडते. गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाला कायद्याने व्यवसायजन्य रोग मानले आहे. तेव्हा ही मागणी कृपेची नाही, हक्काची आहे.