पर्मच्या आधी केसाची परीक्षा

लग्नसराई आली की 'ताई, केस कुरळे करून द्या ना' म्हणत मुली पार्लरमध्ये येतात. म्हणून आजचा भाग आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या पार्लरवाल्या ताईंसाठी.

आपल्याकडे केस हा विषय साधा राहिलेला नाही. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, काहींना थोड्याच दिवसांत टक्कल पडलं. आयसीएमआरचं पथक आलं, नमुने घेतले गेले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा: 'सध्या केस गळतात का?' गळत असतील, डोक्यात जखम किंवा पुरळ असेल, तर पर्म नाही. आधी डॉक्टर.

आता पर्ममध्ये होतं काय? थायोग्लायकोलेटचं औषध केसातले गंधकाचे बंध तोडतं. केस रॉडवर वळतो. मग न्यूट्रलायझरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड ते बंध पुन्हा जोडतं. केस आधीच दुबळा असेल, तर तो तुटलाच म्हणून समजा.

म्हणून एक ओला केस दोन्ही हातांनी हलकेच ताणा. चांगला केस जवळपास दीडपट लांबतो आणि सोडला की परत येतो. लोंबकळत राहिला किंवा तटकन तुटला, तर थांबा. मग कोरडा केस टोकाकडून मुळाकडे बोटांतून ओढा. खरखरीत लागला तर तो औषध झपाट्याने पिणार.

मेंदी, काळी मेंदी, डाय, स्मूदनिंग, सगळं विचारा. काही रंगांत धातूचे क्षार असतात. शंका असेल तर ३० मिली ६ टक्क्यांच्या पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे २० थेंब टाका, काचेच्या भांड्यात, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. त्यात कापलेले थोडे केस अर्धा तास ठेवा. फेस आला, भांडं गरम झालं, रंग बदलला, तर पर्म करायचाच नाही.

शेवटी मागच्या बाजूची एक-दोन बटा रॉडवर घेऊन पूर्ण प्रक्रिया करून बघा. खारपाणपट्ट्यातल्या, बोअरच्या पाण्याने धुतलेल्या केसांवर तर हे नक्की कराच.

गिऱ्हाईक रुसेल, 'दुसरीकडे जाते' म्हणेल. जाऊ द्या. पर्मचे पैसे परत देता येतात ताई, लग्नाच्या आठवड्यात तुटलेले केस नाही देता येत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!